भांडे आणि त्याचे नाव : बारामती–इंदापूरच्या स्वयंपाकघराच्या इतिहासाची साधने

पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्वयंपाकघरातील वस्तूंचा जो संग्रह आहे, तो महाराष्ट्राच्या गृहजीवनाच्या इतिहासाचे एक प्रथम दर्जाचे साधन होय, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) इसवी सन १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव पुढे त्या संग्रहास दिले. ज्या काळी पुण्यातील संशोधकांचे लक्ष दप्तरे, नाणी आणि ताम्रपट ह्यांवर खिळलेले होते, त्या काळी हा गृहस्थ अडकित्ते, दिवे, विळ्या आणि दौती गोळा करीत होता. संग्रहातील वस्तूंची संख्या आज वीस हजारांवर आहे व त्यांपैकी सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडता येतात. अहमदाबादेस सुरेंद्र पटेल ह्यांनी १९८१ साली केवळ भांड्यांचे म्हणून जे संग्रहालय उभे केले, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. परंतु मराठी घराच्या दृष्टीने केळकर संग्रहालयाचे महत्त्व वेगळे आहे.

तथापि असा संग्रह पाहताना अभ्यासकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. हे स्वयंपाकघर कोणाचे? पोपटाच्या किंवा घोड्याच्या आकाराचा अडकित्ता, नक्षीदार सोऱ्या, पितळी समई, तांब्याचा बंब ह्या वस्तू ज्या घरात होत्या, त्या घरात पानसुपारी होती, तळण होते, तेल होते आणि आंघोळीला ऊन पाणी होते. असे घर महाराष्ट्रात होते हे खरे. पण तेवढेच घर महाराष्ट्रात नव्हते. धातूची वस्तू टिकते, म्हणून ती संग्रहालयात येते. मातीची वस्तू फुटते, बांबूची वस्तू कुजते, लाकडाची वस्तू शेवटी चुलीत जाते. तेव्हा ज्याची चूल माती, बांबू व लाकूड ह्यांच्या आधारावर चालली, त्याचा इतिहास काचेच्या कपाटात कसा यावयाचा? ह्या प्रश्नाचा विचार पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांच्या आधारे करणे सोयीचे आहे. कारण ह्या भागात दोन्ही प्रकारची स्वयंपाकघरे शेजारी शेजारी नांदली, आणि दोहोंच्या खुणा कागदपत्रांत व भाषेत शिल्लक आहेत.

हा प्रदेश कऱ्हा, नीरा आणि भीमा ह्या नद्यांच्या मधला. पाऊस बेताचा व बेभरवशाचा, पीक मुख्यतः ज्वारीचे. बारामतीस कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईक जोशी ह्यांचा वाडा आहे. नाईकांचे घराणे सावकारीचे. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई ह्या घराण्यात दिली होती, आणि १७४० साली बाजीरावाच्या मृत्यूनंतर बाबूजींनी प्रत्यक्ष पेशवेपदाची खटपट केली होती, एवढ्यावरून घराण्याचे वजन ध्यानात येईल. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) ह्याच नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले. अशा वाड्यातील पाकशाळेस त्या काळच्या दप्तरी भाषेत मुदपाकखाना म्हणत. हा शब्द मोठा मनोरंजक आहे. मूळ अरबी 'मत्बख' म्हणजे स्वयंपाकाची जागा. त्यास फारसी 'खाना' जोडून राजदरबारच्या अठरा कारखान्यांपैकी एकाचे नाव 'मुदबखखाना' असे झाले. मराठी कानांस त्यातील 'बख' अनोळखी वाटला, आणि त्या जागी ओळखीचा 'पाक' येऊन बसला. अरबी शब्दाने संस्कृत सोवळे नेसावे, असा हा प्रकार आहे. शिवछत्रपतींच्या राजवटीत तयार झालेल्या राजव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न जाणीवपूर्वक केला व त्यात भोग्य वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग ठेवला. परंतु बोलणाऱ्या लोकांनी आपला पर्याय आपणच घडविला, आणि तोच टिकला.

रयतेच्या घरात मुदपाकखाना नव्हता, चूल होती. चूल हा शब्द संस्कृत 'चुल्ली'पासून आलेला आहे. चुलीच्या बाजूस, तिच्याच जाळावर भागणारे जे दुसरे तोंड असते त्यास वैल म्हणतात. चुलीभोवतीच्या वस्तूंची नावे एकदा क्रमाने पाहावी. धान्य पाखडावयाचे सूप हे संस्कृत 'शूर्प', प्राकृत 'सुप्प'. कांडावयाचे उखळ हे 'उलूखल', आणि मुसळ तर जवळजवळ जसेच्या तसे 'मुसल'. मांजराच्या भयाने दूधदुभते टांगावयाचे शिंके म्हणजे 'शिक्य'. भाजावयाचे खापर म्हणजे 'खर्पर'. पाण्याच्या रांजणाचा संबंध व्युत्पत्तिकार 'अलिंजर' किंवा 'अरंजर' ह्या शब्दाशी जोडतात. मडके व गाडगे ह्यांचे सख्य कन्नडातील 'मडके' व 'गडिगे' ह्यांच्याशी दिसते, आणि गाडग्यात साठविलेले तूपही कन्नडातील 'तुप्प'च होय, असे मानणारा पक्ष बलवान आहे. भीमेच्या खोऱ्यात मराठी आणि कन्नड ह्यांचा सहवास किती जुना आहे, हे ह्याच नदीच्या खालच्या अंगास हत्तरसंग-कुडल येथे सापडलेल्या शके ९४० च्या शिलालेखावरून अभ्यासकांस ठाऊकच आहे. तेव्हा कन्नड शब्द स्वयंपाकघरात सापडतात ह्यात नवल नाही. ते तेथे पाहुणे म्हणून आलेले नसून घरचेच आहेत.

आता ह्याच्या शेजारी दुसरी एक नामावळी ठेवावी. परात हा शब्द पोर्तुगीज 'प्रातो'पासून आला असे सामान्यतः मानले जाते. घमेले 'गामेला'पासून, बादली 'बाल्दे'पासून आणि बंब 'बोंबा'पासून आलेला आहे. डेचकी फारसी 'देगचा'. पेला हा 'पियाला', सुरई ही 'सुराही'. चमचा हा फारसी-तुर्की मुलखातून आलेला. तबक अरबी, तस्त फारसी. पितळेस आतून कथलाचा जो मुलामा देतात, ती कल्हईही अरबीच. कल्हईवाला भांडे तापवितो, नवसागर टाकून आतला मळ काढतो आणि वितळलेले कथील कापडाने क्षणात फिरवितो. हे कसब ह्या देशात शतकानुशतके मुरलेले. नाव मात्र समुद्रापलीकडचे.

दोन्ही नामावळ्या समोरासमोर ठेवल्या असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. पहिल्या यादीतील वस्तू बहुतेक माती, बांबू, दगड किंवा लाकूड ह्यांच्या आहेत. दुसरीतील जवळजवळ सर्व धातूच्या. हा केवळ द्रव्याचा भेद नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 'गांवगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात गावच्या ज्या व्यवस्थेचे वर्णन केले आहे, तिच्यात कुंभार, सुतार आणि लोहार हे बलुतेदार होत. कुंभाराचे मडके, सुताराची काथवट व लोहाराचा विळा ह्यांचे मोल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने फिटत असे. तांबट आणि कासार मात्र बलुत्याच्या बाहेरचे; त्यांचा माल पेठेत, जत्रेत वा कसब्याच्या बाजारात रोख पैशाने घ्यावा लागे. बलुत्याने येणारी वस्तू जुन्या नावाने आली आणि रोखीने येणारी वस्तू पुष्कळदा परक्या नावाने आली. गावाच्या अर्थव्यवहारात जी सीमारेषा होती, तीच थोड्याफार फरकाने शब्दांतही उमटलेली आहे.

अर्थात ही विभागणी काटेकोर नाही, व तसा आग्रह धरणे शास्त्रास सोडून होईल. हंडा, कळशी, घागर आणि तांब्या ही भांडी धातूची असूनही नावे घरची आहेत. परंतु ह्या अपवादांचे कारण शोधू गेल्यास नियमास बळकटीच येते. कळशीचा पूर्वज 'कलश' व हंड्याचा आप्त 'हंडिका' हे शब्द मुळात मातीच्या भांड्यांनाही लागत. तांबटाने कुंभाराच्या घाटाची नक्कल केली, तेव्हा घाटाबरोबर नावही उचलले. उलट परात किंवा सुरई ह्यांसारखा नवा घाट आला, तेव्हा तो आपले नाव बरोबर घेऊन आला. म्हणजे नाव द्रव्यास चिकटत नाही, घाटास चिकटते. ह्याचा ताजा पुरावा कोणत्याही आठवड्याच्या बाजारात पाहावयास मिळतो : प्लास्टिकची रंगीत घागर विकणारा तिला घागरच म्हणतो. शब्द मूळ 'गर्गरी'. संस्कृतात त्याचा एक अर्थ ताक घुसळावयाचे भांडे असाही आहे. माती, तांबे, पितळ, प्लास्टिक अशी चार द्रव्ये पालटूनही तो बाईच्या कमरेवरून ढळलेला नाही.

कधी शब्द टिकतो आणि अर्थ सरकतो. संस्कृत 'स्थाली' म्हणजे शिजविण्याचे भांडे. शितावरून भाताची परीक्षा ह्या अर्थाचा 'स्थालीपुलाकन्याय' त्या अर्थावरच उभा आहे. मराठीतील थाळीत कोणी भात शिजवीत नाही. ती जेवावयाची उथळ ताटली झाली. चुलीवरचे भांडे पानावर आले. ह्याहून विलक्षण कथा जात्याची आहे. जाते म्हणजे संस्कृत 'यंत्र'. तेराव्या शतकाच्या पुष्कळ आधीच प्राकृताने त्यातील कठीण जोडाक्षरे झिजवून त्याचे 'जंत' केले, आणि मराठीने त्याचे जाते बनविले. ज्या काळी घरात दुसरे यंत्रच नव्हते, त्या काळी 'यंत्र' म्हणजे दळावयाचे यंत्र, ह्यात सर्व आले. पुढे शाळांतून व छापखान्यांतून मूळ संस्कृत शब्द पुन्हा मराठीत आला, आणि त्याने त्याच स्वयंपाकघरात 'पुरणयंत्र' म्हणून प्रवेश केला. दोघे एकाच आजोबांचे नातू. एक दगडाचा, दुसरा पितळेचा. आणि कोणास ह्या नात्याची खबर नाही. पुरणयंत्राच्या शेजारी जाते ठेवणाऱ्या संग्रहालयाने एवढी एक ओळ खाली लिहिली, तर पाहणाऱ्यास हजार वर्षांचा पल्ला एका दृष्टिक्षेपात दिसेल.

येथे एका गैरसमजाचाही निकाल लावणे इष्ट आहे. भांड्याला भांडे लागले की भांडण होते, अशी कोटी घरोघर ऐकू येते व पुष्कळांस ती व्युत्पत्ती वाटते. वस्तुतः 'भांडे' हे 'भाण्ड'पासून आणि 'भांडण' हे 'भण्डन' ह्या निराळ्या शब्दापासून आलेले आहे. दोघांची गाठ मराठीच्या उंबरठ्यावर पडली, इतकेच. खुद्द 'स्वयंपाक' ह्या शब्दाचीही थोडी गंमत आहे. त्याचा अवयवार्थ 'आपले आपण शिजविणे' असा. हिंदी व गुजराती ह्या शेजारच्या भाषांत रोजच्या रांधण्यास हा शब्द नाही. मराठीतही 'रांधणे' हे क्रियापद त्याहून जुने. जे काम घरातील एका स्त्रीने इतर सर्वांसाठी करावयाचे, त्यास मराठीने नाव दिले ते असे.

बोलीतील म्हणी हे ह्या नाहीशा झालेल्या वस्तूंचे दुसरे संग्रहालय आहे. सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात, ही म्हण जिने जाते कधी पाहिले नाही अशी मुलगीही वापरते. उखळ पांढरे होणे म्हणजे श्रीमंती येणे. पण उखळ पांढरे व्हावयास त्यात तांदूळ कांडावे लागतात, आणि ज्वारीच्या मुलखात तांदूळ हे सणाचे धान्य होते, एवढे समजल्यावाचून म्हणीची खरी गोडी लागत नाही. मडक्यांवर मडकी रचून, सर्वांत मोठे तळाशी व सर्वांत लहान शेंड्यास, अशी जी रास घराच्या कोपऱ्यात उभी असे तिला उतरंड म्हणत. त्या राशी गेल्या. शब्द उरला तो जातिव्यवस्थेचे वर्णन करण्यासाठी : मराठी लेखक सर्रास 'जातींची उतरंड' असे लिहितात. ही उपमा ज्याने प्रथम योजिली त्याने स्वयंपाकघर नीट पाहिलेले असले पाहिजे; कारण उतरंडीत सर्व भार तळच्या मडक्यावर येतो, आणि तेच मडके काढू गेल्यास सर्व रास कोसळते.

भांडे ही केवळ वापराची वस्तू नव्हती. ती संपत्ती होती, आणि ह्या दृष्टीने पाहता बारामती–इंदापूरचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात प्रिंगलने केलेली सारा-आकारणी फसली, व इंदापूर भागात पुष्कळ जमीन पडीत राहिली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी नवी पाहणी केली आणि १८३६ साली इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या मुदतीची जी जमाबंदी लागू झाली, तीच पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीचा नमुना ठरली. ह्या पाहणीत मातीची प्रत, खोली व दोष ह्यांचे वर्ग पाडलेले आहेत. एवढी सूक्ष्म मोजणी झाली, पण ती शेताच्या बांधावर थांबली. घरातील चुलीपर्यंत सरकारी नोंद गेली नाही. चुलीची नोंद झाली ती सावकाराच्या वहीत.

सारा रोखीने भरावयाचा, आणि रोकड सावकाराकडे. पितळेचा हंडा किंवा तांब्याची घागर ही कुणब्याच्या घरातील अशी वस्तू, की जी वजनावर मोडता येई व गहाण ठेवता येई. मडके कोणी गहाण घेत नाही. मागे म्हटल्याप्रमाणे धातूचे भांडे रोखीने घरात येई. अडचणीच्या वर्षी ते रोखीच्याच वाटेने घराबाहेर जाई. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील व सांप्रत बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुपे ह्या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी लोकांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. दख्खनच्या दंग्यांचा तो आरंभ होय. पुढे ठिकठिकाणी दंगेखोरांनी जे प्रामुख्याने मागितले व जाळले, ते कर्जरोखे होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जातून सोडविण्याचा कायदा केला. दरम्यान १८७६–७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता.

ह्या इतिहासाची एक दूरची पण अर्थपूर्ण खूण दिवाणी कायद्यात सापडते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ज्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही त्यांची यादी आहे. तिच्या अगदी आरंभी ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण ह्यांचा निर्देश केलेला आहे. स्वयंपाकाची भांडी जप्त करू नयेत, असे कायद्यास स्पष्ट शब्दांत सांगावे लागले, ह्याचा अर्थ ती जप्त होण्याजोगी मालमत्ता मानली जात होती. हे कलम आजही लागू आहे. संग्रहालयातील पितळी हंड्याखाली ह्या कलमाचा उतारा लावण्याची कल्पना कोणास सुचलेली दिसत नाही. परंतु हंड्याचा काळ आणि घाट सांगण्याइतकेच ते आवश्यक आहे. एखादा हंडा एखाद्या घरात चार पिढ्या राहिला, तर त्या चार पिढ्यांत त्या घरावर तो मोडण्याची वेळ आली नाही, असा त्याचा अर्थ असतो. संग्रहालयात पोहोचलेली भांडी ही बहुशः अशा घरांची असणार. जी मोडली गेली त्यांचे नवे भांडे झाले, आणि त्यांचा इतिहास मुशीत वितळला.

दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी सुरू झाले व भाटघरच्या धरणाने त्याचा पुरवठा वाढला. ज्वारीच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, आणि उसाबरोबर गुऱ्हाळ. गुऱ्हाळाची शब्दसृष्टी स्वतंत्र आहे : रस आटविण्याची लोखंडी पसरट काहील, तिच्याखाली चिपाडांवर धडधडणारे चुलवाण, मळी काढण्याचा झारा, पाक गोळीवर आला की नाही हे पाण्यात टाकून पाहणारा गुळव्या, आणि ढेप पाडावयाचा साचा. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला व पुढे सहकारी कारखाने आले, तेव्हा ह्या सृष्टीचा संकोच झाला. ऊस पिकविणाऱ्या घरांत मात्र हाती पैसा आला, आणि मडक्यांची जागा पितळेने घेतली. मग ॲल्युमिनियम आले. मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचा उद्योग सुरू केला होता. महाराष्ट्राच्या खेड्यात ह्या धातूचे पातेले पोहोचले, तेव्हा त्यास 'जर्मनचे पातेले' म्हणू लागले. जर्मन सिल्व्हर नावाच्या निराळ्याच मिश्रधातूचे नाव, त्यातील चांदी गळून, ह्या हलक्या धातूस चिकटले. जर्मनीचा येथे एवढाच संबंध. त्यानंतरच्या स्टीलविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ते सर्वांच्या घरात आहे, आणि त्याने नावे फारशी आणली नाहीत, उलट पुष्कळ पुसली. जेथे पूर्वी तपेली, सतेले, चरवी, गडू अशी निरनिराळ्या कामांची निरनिराळी नावे होती, तेथे आता 'स्टीलचे भांडे' एवढ्यावर भागते.

मापांचीही गत तीच झाली. चिपटे म्हणजे पाव शेर, मापटे म्हणजे अर्धा शेर आणि चार शेरांची पायली, ही भाषा १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने व त्यानंतर आलेल्या दशमान पद्धतीने व्यवहारातून काढून टाकली. ते योग्यच झाले. शेर गावोगाव वेगळा असल्याने गरिबाची फसगत होई. परंतु घरातील बाई मुठीने आणि चिपट्याने जे मोजीत होती, ते केवळ धान्य नव्हते. किती माणसांस किती पुरते, हे ज्ञान त्या मापात साठविलेले होते.

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेच्या अंगास ह्या नाशाची एक निराळी तऱ्हा घडली. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते, आणि ते पाहावयास लोक जातात. मंदिराची आठवण राहते. पण गाव उठते तेव्हा काय उचलता येते ह्याचा विचार करावा. पितळ, तांबे, जर्मन हे सर्व गाडीत बसते. जमिनीत पुरलेले उखळ, धान्याचे पेव, भिंतीत बांधलेला बळद आणि चूल ह्या वस्तू घराशी एकरूप झालेल्या असतात. त्या तेथेच राहतात. नव्या वसाहतीत पुन्हा पेव खणण्याचे कारण उरले नाही. त्यामुळे वस्तूबरोबर तिच्या अंगाप्रत्यंगांची नावेही एका पिढीच्या आत बोलण्यातून गेली.

पेवाचा विषय निघाला म्हणून शिरूर तालुक्यातील इनामगावचा उल्लेख करणे प्राप्त आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात घोड नदीच्या काठी जे उत्खनन केले, त्यात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ह्या काळातील शेतकऱ्यांची घरे उघडी झाली. तेथे चुली आहेत, धान्य साठविण्याचे खड्डे आहेत, धान्य वाटण्याचे दगड आहेत, आणि जोर्वे पद्धतीची तोटीची लाल भांडी आहेत. अवजारे मुख्यतः दगडाची आणि तांबे दुर्मिळ. म्हणजे त्या स्वयंपाकघराचा भार मातीवरच होता. पुरातत्त्वज्ञाने त्या स्त्रीचे स्वयंपाकघर आपल्या समोर मांडले. ती त्या तोटीच्या भांड्यास काय म्हणत होती, हे मात्र कोणासही कधी कळणार नाही. तेथे भांडे आहे, नाव नाही. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) नावे आहेत, भांडी नाहीत; आणि कोशातील अर्थ पुष्कळदा 'एक प्रकारचे भांडे' एवढ्यावर थांबतो. बोलींच्या पाहणीतही ह्या भागाकडे दुर्लक्षच झाले. १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी मराठी बोलींच्या वर्णनाचे जे मोलाचे ग्रंथ काढले, त्यांचा रोख मुख्यतः कोकणपट्टी व सीमाप्रदेश ह्यांकडे होता. देशावरची बोली ही प्रमाण भाषेच्या जवळची, म्हणून तिच्यात नोंदण्याजोगे काही नाही, ही समजूत त्या पिढीपुरती मर्यादित नव्हती. व्याकरणापुरती ती कदाचित क्षम्य असेल. शब्दसंग्रहाच्या बाबतीत ती सर्वस्वी चुकीची आहे.

नाव आणि वस्तू ह्यांची गाठ अद्याप घालता येण्यासारखी आहे, पण त्यास मुदत फार नाही. ज्या स्त्रियांनी स्वतः जात्यावर दळले, त्या आता बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत. गिरणी गावात आल्यानंतर जन्मलेल्या मुलींस खुंटा व पाळी हे शब्द ऐकून माहीत, वापरून नाही. अशा वेळी संग्रहालयाच्या नोंदवहीत केवळ 'लाकडी परात, लांबी इतकी, काळ अमुक' असे लिहून चालणार नाही. उदाहरणार्थ काथवट घ्यावी. ज्वारीचे पीठ मळावयास ती लाकडाची का, तांब्या-पितळेची का नाही. कोणत्या झाडाचे लाकूड सुतार पसंत करीत असे, आणि एका अखंड तुकड्यातून ती कोरावयास किती दिवस लागत. बलुत्यात ती मिळे की तिचे वेगळे द्यावे लागे. भाकरी तिच्यातच थापीत की दुसऱ्या कशावर. चिरली तर काय भरून सांधीत. तिच्या कडेस, कानास, तळास निराळी नावे होती काय. बारामतीकडे काथवट आणि अन्यत्र काटवट असा जो उच्चारभेद आढळतो, त्याची सीमा कोणत्या गावाशी पडते. आणि लेकीच्या घरी ती कधी पाठवीत. ह्यांपैकी प्रत्येक प्रश्नास सुपे, पळसदेव किंवा वालचंदनगरच्या आसपासच्या एखाद्या वाडीत उत्तर देणारी एखादी आजी आज भेटेल. ते उत्तर तिच्याच शब्दांत, तिच्या गावाच्या नावासह व तारखेसह, वस्तूच्या क्रमांकाखाली लिहिले गेले पाहिजे. केळकरांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला, तेव्हा वाडे पडत होते आणि जुने पितळ मोडीत निघत होते. आज मोडीत निघत आहेत ती नावे, आणि ती जमविण्यास कपाट लागत नाही. वही, ध्वनिमुद्रक आणि एस. टी.चे भाडे एवढे पुरते.